कवळीबाईंची नवी मंडळी

कवळीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण डेंटल लॅबमध्ये बसून त्यांनी उभी हयात लोकांच्या कवळ्या केल्या, आणि त्यांच्या चर्चमधली निम्मी म्हातारी मंडळी त्यांच्याच हातच्या दातांनी हसायची, जेवायची आणि एकमेकांच्या चुगल्या करायची. चर्चच्या पोराटोरांनी ठेवलेलं नाव हळूहळू मोठ्यांच्याही तोंडी बसलं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. "म्हणा काय म्हणायचं ते. मी अजून माझ्याच दातांनी चावते," असं त्या सांगायच्या.

बाई गायच्याही. गायकवृंदात त्यांचा सूर खालचा, म्हणजे कुणाच्या फारसा लक्षात न येणारा. पण त्या आजारी पडल्या की गाणं लंगडं व्हायचं आणि मग सगळ्यांना त्यांची आठवण यायची. त्यांचे मिस्टर पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झालेले आणि चर्चचे पंच. शांत माणूस. समोरून भांडण येताना दिसलं तर रस्ता ओलांडून पलीकडून जाणारा. चर्चचे माइक, स्पीकर, दिवे, गळके नळ, सगळं त्यांच्याकडे. उपासना चालू असताना त्यांचं एक बोट नेहमी आवाजाच्या बटणावर असायचं.

दोघांना एकुलता एक मुलगा. तो दूरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात नर्स होता, अतिदक्षता विभागात. त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाला घरात सगळे लंबू म्हणायचे, कारण तो दारातून येताना मान वाकवायचा. लंबू रोपवाटिकेत काम करायचा. हे दोघं एकमेकांचे कोण, ते बाईंना फार आधीपासून ठाऊक होतं. मिस्टरांनाही ठाऊक होतं. चर्चमध्ये मात्र "रूममेट" या एका शब्दावर सगळ्यांनी भागवलं होतं. मग दोघांनी चार मित्रांसमोर लग्न केलं, एकमेकांच्या बोटात अंगठ्या घातल्या आणि फोटो पाठवला. बाईंनी तो फोटो पुढे पाठवला, ज्याला त्याला, कौतुकाने. त्यानंतर रूममेट हा शब्द काही कामाचा राहिला नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी बाईंना गाण्यात पहिल्यांदाच एक कडवं एकटीने म्हणायचं होतं. ते ऐकायला मुलगा आणि लंबू सकाळी सकाळी गाडी चालवत आले. आल्या आल्या मुलाने घशाच्या गोळ्यांचं पाकीट आईच्या हातात ठेवलं. "हे कशाला रे?" बाईंनी विचारलं. त्याने एकदा बापाकडे पाहिलं, आणि "असू दे, लागतं गाणाऱ्यांना" म्हणाला.

गायकवृंद समोर, मंडळीकडे तोंड करून बसायचा. त्यामुळे पुढे जे घडलं ते बाईंना अगदी नीट दिसलं. प्रभुभोजन सुरू होतं. द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचा ट्रे घेऊन हेडमास्तर बाकांमधून चालले होते. हे हेडमास्तर शाळेतून कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांची शाळा अजून सुटली नव्हती. मंडळीत ते सगळ्यात ज्येष्ठ पंच. बाईंच्या मुलाला त्यांनीच बायबलच्या वर्गात शिकवलेलं. ते त्या बाकापाशी आले. लंबूने नको अशी मान हलवली. तो काही या श्रद्धेतला नव्हता. मुलाने हात पुढे केला. आणि ट्रे त्या हातावरून गेला. हेडमास्तरांनी मुलाकडे पाहिलंही नाही, नुसता हात लांबवून ट्रे पलीकडे, त्या दिवशी मुलाशेजारी बसलेल्या मिस्टरांच्या पुढ्यात धरला.

मुलाचा हात तसाच हवेत होता. मिस्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी ट्रेमधला पेला उचलला आणि पिऊन टाकला.

बाईंचं कडवं यायला अजून अवकाश होता. ते यायच्या आत त्या उठल्या, गायकवृंदाच्या निळ्या झग्यासकट मधल्या वाटेने चालत गेल्या, मुलाच्या बाकापाशी थांबून "चला रे" म्हणाल्या, आणि तिघं बाहेर पडले. भर रस्त्यातून बाई निळा झगा फडकवत गाडीपर्यंत गेल्या. बसथांब्यावरची माणसं वळून बघत होती. लंबू गाडीत म्हणाला, "आई, झगा दारात अडकलाय," तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

"मला काही वाटलं नाही," मुलगा पुन्हापुन्हा म्हणत होता. इतक्या वेळा म्हणाला की ते खोटं असल्याचं लंबूलाही कळलं असावं.

मिस्टर दुपारी घरी आले. "पंचांचा निर्णय होता," ते म्हणाले. "मी एकटा काय करणार?"

"पेला खाली ठेवायला किती माणसं लागतात?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी झग्याला इस्त्री केली, नीट घडी घातली आणि तो चर्चमध्ये परत नेऊन दिला. बाई पुन्हा तिथे गेल्या नाहीत.

पहिले काही रविवार त्यांनी घरीच काढले. पण सवय वाईट असते. रविवार उजाडला की घशात सूर यायचा आणि जायला जागा नसायची. कपडे धुवून बघितले, कपाटं आवरून बघितली. शेवटी त्यांनी ठरवलं, आपण दुसरी मंडळी, म्हणजे दुसरं चर्च शोधायचं. अशी, जिथे मुलगा आला तर ट्रे त्याच्यापुढे थांबेल.

लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर धातूचे दात घासणारा मेकॅनिक होता. त्याचा देवाबिवावर काडीचा विश्वास नव्हता. बाईंची शोधमोहीम ऐकून तो म्हणाला, "बाई, तुम्ही चर्च शोधताय की जावई? इतक्या चौकशा?"

"जावई मला आयता मिळाला," बाई म्हणाल्या. "त्याला बसायला जागा शोधतेय."

पहिल्यांदा त्या बाहेरच्या रस्त्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये गेल्या. पूर्वी तिथे गोदाम होतं. दारात दोन तरुण मुली बिल्ले लावून उभ्या, तोंडभर हसत, "या, या, आपलंच घर आहे!" आत कॉफी, मोठा पडदा, ढोल, गिटार. बाईंना ते सगळं जरा दणदणीत वाटलं, पण लोक प्रेमळ होते. एका अनोळखी बाईने तर त्यांना मिठीच मारली. उपासना संपल्यावर तिथल्या तरुण पाळकांना त्यांनी सरळ विचारलं, "माझा मुलगा आणि त्याचा नवरा इथे आले तर चालेल?"

पाळकांचं हसू जराही हललं नाही. "अहो, का नाही चालणार? येऊ दे की! आम्ही कुणालाच दारातून परत पाठवत नाही."

"आणि प्रभुभोजनाला?"

"ते..." पाळकांनी बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "ते हळूहळू. आधी येऊ दे, रमू दे. देव माणसाला बदलतो, मावशी. आपण घाई करायची नाही."

बाईंनी हात सोडवून घेतला. जुन्या चर्चमध्ये निदान जे होतं ते तोंडावर होतं, असं त्यांना घरी येताना वाटलं. इथे मिठी मारून बाहेर ठेवणार.

मग कॉलेजजवळचं दगडी चर्च. तिथे दाराशीच फलक होता, की इथे सगळ्या तऱ्हेच्या माणसांचं मनापासून स्वागत आहे; आणि तो खरा होता. मंडळी थोडी, बहुतेक शिकलेली, उपदेशात अन्यायाबद्दल खणखणीत बोलणं. बाईंनी आपला प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर मिळालं. पण मुलाचं कळताच दोघंतिघं त्यांच्याभोवती जमले. "मुलाला बोलवा ना! पुढच्या महिन्यात आपण चर्चासत्र ठेवू. त्याचा अनुभव त्याच्याच तोंडून ऐकू. फोटो आहे का? पत्रकावर घालता येईल." त्यांनी मुलाचं नाव विचारलं, लंबूचं विचारलं, जुन्या चर्चचं विचारलं. बाईंचं कुणी विचारलं नाही. आणि गाणं स्पीकरवर लावलेलं होतं. लोक नुसते ओठ हलवत उभे.

बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मुलगा हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "म्हणजे तिकडे मी पाप आणि इकडे मी पोस्टर. आई, मी बारा-बारा तास लोकांच्या नळ्या सांभाळतो. रविवारी मला झोप हवी असते. तू हे सगळं माझ्यासाठी शोधतेयस की तुझ्यासाठी?"

"कढी लागेल गॅसवर," असं काहीतरी म्हणून बाईंनी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तो प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. मेणात दात रोवताना, प्लास्टर कालवताना तोच. खरंच, हात मुलाचा रिकामा राहिला होता, पण पळून आल्या त्या. मुलाने आपलं दुसरं जग केव्हाच उभं केलं होतं. जग गेलं होतं ते त्यांचं.

दवाखान्यांतून दातांचे ठसे गोळा करून लॅबमध्ये आणणारा एक डिलिव्हरीवाला होता. एकदा डबा टेबलावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "आमच्याकडे येऊन बघा. आमचं चर्च शाळेच्या जेवणघरात भरतं. पाळकबाई बस चालवतात."

"चर्चची बस?"

"नाही हो, शहराची. आठवडाभर बस, रविवारी आम्ही."

जेवणघरात फरशी पुसल्याचा वास होता आणि भिंतीवर मुलांसाठी हात धुण्याच्या सूचना. वीस-पंचवीस माणसं लांब टेबलांशी बसलेली. एक आजोबा उपदेशाच्या मध्येच "हे मला पटलं नाही" म्हणाले आणि पाळकबाई "मलाही अजून पुरतं नाही" म्हणून पुढे गेल्या. दोन बायका तान्हं बाळ आलटून पालटून मांडीवर घेत होत्या. आणि गाणं! असं बेसूर गाणं बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण गात सगळे होते, अगदी पोटातून. दुसऱ्या कडव्याला बाईंनी खालचा सूर धरला. शेजारचा माणूस एकदम सरळ बसला आणि त्यांच्या आवाजाला धरून गाऊ लागला.

शेवटी पाळकबाई चहाचे दोन कप घेऊन त्यांच्यापाशी आल्या. दणकट, आखूड केसांच्या. आधी त्यांनी बाईंचं नाव विचारलं. मग बाईंनी आपला प्रश्न विचारला.

"आले तर दोन खुर्च्या जास्त मांडू," पाळकबाई म्हणाल्या. "पण इथे सगळं सोपं आहे असं समजू नका. याच गोष्टीवरून दोन घरं आम्हाला सोडून गेली. त्यातलं एक माझ्या सख्ख्या बहिणीचं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही कुणाला सोडून आलात?"

बाईंनी कपात बघितलं. "मिस्टर अजून तिथेच जातात," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून घरात रविवारचं एक विचित्र वळण पडलं. सकाळी दोघं एकाच वेळी तयार व्हायचे, एकमेकांना आरशासमोर जागा करून द्यायचे, दारात चपला घालायचे, आणि रस्त्यावर येऊन एक डावीकडे, एक उजवीकडे. दुपारी जेवताना उपासनेचं कुणीच काढायचं नाही. मिस्टर नळांविषयी बोलायचे, बाई दातांविषयी.

एका दुपारी लॅबचं दार ढकलून हेडमास्तर आत आले. हातात रुमाल, रुमालात कवळी, मधोमध तुटलेली. सिंकमध्ये धुताना पडली होती. दातांशिवाय त्यांचा चेहरा आत ओढल्यासारखा, एकदम म्हातारा दिसत होता.

"व्हयनी," ते म्हणाले. "तुतली."

मेकॅनिकने बाईंकडे पाहिलं. बाईंनी रुमाल घेतला, दोन्ही तुकडे जुळवून मेणाने सांधले आणि साच्यासाठी प्लास्टर कालवायला घेतलं. "बसा. वेळ लागेल," त्या म्हणाल्या. त्यांना बोलायचं नव्हतं. पण हेडमास्तरांना गप्प बसवेना. तोंडात दात नव्हते म्हणून की काय, त्यांचा नेहमीचा वर्गातला आवाज लागत नव्हता. फसफसत, अडखळत ते बोलत राहिले, आणि बाईंना प्रत्येक शब्द जुळवून घ्यावा लागत होता.

त्यांचं म्हणणं असं, की बाईंनी त्यांच्यावर राग धरू नये. त्यांना असं चारचौघांत करायचं नव्हतं. म्हणून तर ते आदल्या संध्याकाळी मुद्दाम घरी आले होते. बाई गाण्याच्या सरावाला गेल्या होत्या. मिस्टरांना त्यांनी सगळं सांगितलं, की बाकीच्या पंचांचं असं असं ठरलंय, मुलाला भोजनाच्या वेळी बाहेर थांबायला सांगा.

बाईंचा प्लास्टरमधला चमचा थांबला. "मग ते काय म्हणाले?"

"म्हनाले, बघतो."

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं. बाईंनी ते ओतलं. नंतरचं काम त्यांच्या हातांनी केलं. डोकं तिथे नव्हतं. हिरडीच्या रंगाचा गुलाबी मसाला भरला, भांड्यात ठेवला, चाकावर घासून गुळगुळीत केला. कवळी हेडमास्तरांच्या तोंडात बसवून त्यांना दातावर खूण उठवणारा निळा कागद चावायला लावला, उंच लागलेला दात किंचित घासला. दात बसताच हेडमास्तरांची मान ताठ झाली. "शेवटी मंडळीला नियम हवेत, वहिनी," ते स्वच्छ शब्दांत म्हणाले.

"गरम पाण्यात धुऊ नका," बाई म्हणाल्या आणि पुढचा साचा हातात घेतला.

घरी आल्या तेव्हा मिस्टर मोरीतल्या नळाचा वॉशर बदलत होते. बाई पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं."

पाना हातातच राहिला. मिस्टरांनी विचारलं नाही की काय माहीत होतं. "मास्तर भेटले वाटतं," ते म्हणाले.

"माझ्या पोराने हात पुढे केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की त्यात काही पडणार नाही."

"मी त्याला फोन केला होता गं. त्याच संध्याकाळी. म्हटलं, तुझ्या आईचा घसा बसलाय, गाणं काही व्हायचं नाही, उगाच एवढ्या लांब येऊ नकोस." मिस्टर अजून नळाकडेच बघत होते. "मला वाटलं, येणार नाही. आला, तेव्हा वाटलं, मास्तर ऐन वेळी करणार नाहीत. त्याला शिकवलंय त्यांनी. असं कोण करतं?"

घशाच्या गोळ्या. बाईंना एकदम आपल्या हातातलं ते पाकीट आठवलं, आणि बापाकडे एकदा पाहून विषय टाळणारा मुलगा.

"खरं का नाही सांगितलंत? मला? त्याला?"

"तू भांडली असतीस."

"हो! भांडले असते! आदल्या दिवशी, त्यांच्या घरात जाऊन, चार माणसांत. त्याचा हात तरी वर राहिला नसता."

मिस्टर खाली मोरीच्या काठावर बसले. त्यांची विजार भिजली. "मला वाटलं, सगळं आपोआप मिटेल," ते म्हणाले. "मला नेहमी तसंच वाटतं."

बाईंना त्यांची दया आली, आणि दया आल्याचा जास्त राग आला. त्या आत गेल्या आणि त्यांनी आपलं अंथरूण मुलाच्या खोलीत हलवलं.

पुढच्या फोनमध्ये त्यांनी मुलाला सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं. त्यांना आणखी एक गुपित सांभाळायचं नव्हतं. तो जराही चमकला नाही.

"मला त्या सकाळीच कळलं, आई. तू स्वयंपाकघरात गात होतीस. ठणठणीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला राहायचंय त्यांच्यासोबत. मी येतो आणि जातो."

बाई त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिल्या. जेवणघरातली माणसं मात्र त्यांच्या अंगवळणी पडत चालली. पाळकबाईंनी त्यांना गाणं बसवायला सांगितलं. बाईंनी त्या वाद घालणाऱ्या आजोबांना खालच्या सुरात ओढलं, आणि बाळाच्या एका आईचा आवाज इतका गोड निघाला की सगळे थक्क झाले. तिथे असताना बाईंना बरं वाटायचं. घरी येताना पावलं जड व्हायची. मुलगा एकदाही आला नाही. त्यांनी बोलावलं होतं. तो "बघू" म्हणाला, अगदी बापाच्या "बघतो"सारखं.

मग एका रविवारी सकाळी मिस्टर दारात चपला घालता घालता थांबले. "मी पंचपद सोडलं," ते म्हणाले. "मंगळवारी सांगून आलो. मास्तर म्हणाले, विचार करा. म्हटलं, तेवढंच करत आलोय."

बाईंनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"तुमच्या तिथे..." मिस्टर चाचरले. "मी आलो तर चालेल का?"

खरं तर नाही, असंच बाईंच्या तोंडावर आलं होतं. ती एकच जागा होती, जिथे त्या आठवडाभराचं ओझं खाली ठेवायच्या. तिथेही हा माणूस आवाजाचं बटण शोधत फिरणार. पण ज्या गोष्टीसाठी त्यांनी अख्खं शहर पालथं घातलं, ती गोष्ट आता त्यांच्याच दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "तिथे कुणी कुणाला विचारून येत नाही."

मिस्टरांनी मान हलवली.

"पण माझ्या शेजारी बसू नका. अजून नाही."

ते रस्त्याने बाईंच्या चार पावलं मागून चालत आले. जेवणघरात सगळ्यात शेवटच्या टेबलाशी, दाराजवळ बसले. पाळकबाईंनी त्यांचं नाव विचारलं आणि त्यांना चहा दिला. ते बाईंचे कोण, हे त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना कळलं असावं. गाण्याच्या वेळी बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला. "बाबा आले होते आज," त्या म्हणाल्या.

मागे कुठेतरी लंबू भांडी लावत होता.

"काही बोलले?"

"नाही. संपल्यावर सगळ्यांबरोबर टेबलं भिंतीशी लावत होते."

"आणि तू?"

"मी दुसऱ्या बाजूने धरलं. एकट्याने उचलत नाहीत रे ती."

मुलगा "बरं" म्हणाला. तो कधी येणार, हे बाईंनी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. मग तो रोपवाटिकेतल्या किडीबद्दल बोलू लागला, आणि बाई पलंगाच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.